वंशावळ काढताय? आधी पणजीचं माहेर विचारा

२०२३ च्या सप्टेंबरनंतर आमच्या नाशिक जिल्ह्यात घराघरात एकच विषय होता, तुमची कुणबी नोंद सापडली का. मराठा घरांच्या जुन्या कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, मग काम राज्यभर सुरू झालं, तहसीलमध्ये, शाळांमध्ये, भूमी अभिलेखच्या ऑफिसात जुनी दप्तरं उघडून बसलेली माणसं दिसायला लागली आणि मोडी वाचता येणाऱ्यांना एकदम मागणी आली. आमच्याकडे चुलतभावाला मुलीच्या ॲडमिशनसाठी कुणबी दाखला काढायचा होता, म्हणून वंशावळ करायला घेतली. वर खापरपणजोबा, त्यांच्या खाली त्यांची मुलं, त्यांच्या खाली त्यांची मुलं, असं करत करत भाऊ आणि त्याची मुलगी. शपथपत्राला जोडली, नोंदीची नक्कल जोडली, यथावकाश दाखला मिळाला, सगळे मोकळे झाले.

मी मात्र त्या कागदापाशी अडकले. भावाची मुलगी सोडली तर त्यावर एकही बाई नाही. दाखल्याला वडिलांकडचीच साखळी लागते हे मला माहितीये, कायद्याच्या दृष्टीने त्या कागदात चूक काही नाही, पण आमच्या घरात एवढ्या पिढ्यांत कोणी जन्म दिला, कोण मेलं, कोण लग्न होऊन आलं, कोण गेलं, यातलं काहीच त्यावर नव्हतं आणि घरात विचारलं तर पणजीच्या पलीकडे कोणालाच काही सांगता येईना. आईला सासूचं माहेर माहीत, सासूच्या सासूचं माहीत नाही. काकांना जमिनीचे गट नंबर तोंडपाठ, आजीचं माहेरचं नाव विचारलं तर गप्प. मला त्या बायका शोधायच्या होत्या. त्या कुठे सापडल्या ते सांगण्यासाठी हे लिहितेय, कारण खूप जणांकडे आता नोंदींच्या झेरॉक्स येऊन पडल्यात आणि दाखल्याचं काम झालं की त्या फाइलमध्ये बंद होतील.

आमचं मूळ गाव निफाड तालुक्यात, गोदावरीकाठचं. आजोबा नाशिकरोडला प्रेसमध्ये लागले तेव्हापासून आम्ही शहरातले.

जन्म-मृत्यूची जी जुनी वही असते तिला सगळे कोतवाल बुक म्हणतात, सरकारी नाव गाव नमुना नंबर १४. गावात कोणी जन्मलं, कोणी मेलं की कोतवाल येऊन सांगायचा आणि पाटील लिहायचे. नवीन कायदा १९६९ चा, महाराष्ट्रात १९७० पासून लागू झाला, त्यानंतर गावातल्या नोंदी ग्रामपंचायतीत. त्याच्या आधीच्या वह्या सहसा तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये असतात. अर्ज करायचा, कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, गावाचं नाव आणि अंदाजे वर्ष द्यायचं, नक्कल मिळते. वर्ष जेवढं नेमकं तेवढं काम लवकर, कारण गावाची वही शोधून तिची पानं एकेक करून उलटणारा माणूस एकच असतो आणि पानं इतकी कडक झालेली असतात की जोरात उलटली तर तुकडा हातात येतो. आमच्या वेळी जे क्लार्क होते ते पान दोन्ही हातांनी उचलून ठेवत होते, मला ते बघून फार बरं वाटलं.

वही मोडीत असते हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं, पण मोडी म्हणजे नक्की काय अडचण ते समोर आल्याशिवाय कळत नाही. आधी पूर्ण रुंदीची ओळ मारून घ्यायची आणि मग त्या ओळीला अक्षरं लटकवत जायचं, हात शक्यतो उचलायचाच नाही, दोन शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घ नाही. त्यात पाटलांचं अक्षर आणि बोरूची शाई पसरलेली. मी एका निवृत्त गुरुजींकडे महिनोन्‌महिने जात होते, ते लिप्यंतर करून देतात, मी त्यांच्या शेजारी बसून आकडे, महिन्यांची नावं, आमच्या घराण्यातली नेहमीची नावं एवढं ओळखायला शिकले. सगळं नाही येत अजून. पण मृत्यूच्या वहीसाठी तेवढं पुरतं, कारण रकाने ठरलेले असतात: तारीख, नाव, जात, वय, मरणाचं कारण. बाईचं नाव असेल तर पुढे 'कोम' आणि नवऱ्याचं नाव, म्हणजे अमक्याची बायको. काही ठिकाणी 'भ्रतार' लिहितात, काही ठिकाणी 'जोजे'. पुरुष असेल तर 'बिन' आणि बापाचं नाव. हे चार शब्द मोडीत ओळखता आले की निम्मं काम झालं. आडनावाची वाट बघू नका, जुन्या नोंदीत बऱ्याचदा ते नसतंच, नुसतं नाव, बापाचं नाव आणि जात. आणि आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवायची पद्धत, त्यामुळे एकच नाव दोन पिढ्यांनी येतं आणि वय बघितल्याशिवाय हा कोण ते कळत नाही. वयही अंदाजे. जे सांगितलं ते लिहिलं.

जन्माच्या बाजूला अजून एक गोष्ट, तिथे बाळाचं नाव नसतं. बारसं बाराव्या दिवशी, नोंद त्याआधी झालेली, म्हणून फक्त मुलगा किंवा मुलगी आणि बापाचं नाव. खूप लोक आजोबांचं नाव शोधत बसतात आणि नोंद नाही म्हणून परत जातात, शोधायचं असतं ते आजोबांच्या वडिलांचं नाव.

आता मुख्य गोष्टीकडे येते.

पणजोबांच्या काळातला एखादा मृत्यू शोधावा म्हणून मी १९१० ते १९२५ ही वर्षं मागितली होती. आमचं गाव तेव्हा लहान, एक पान भरायला कितीतरी महिने लागायचे. पानांवर तऱ्हेतऱ्हेची कारणं, ताप, जुलाब, खोकला, कुठे देवी, कुठे पटकी, कुठे साप चावून, मधल्या एका वर्षी गाठीचा रोग म्हणजे प्लेग. मग १९१८ चा ऑक्टोबर येतो आणि वही बदलते. चार-पाच दिवसांत एक पान संपलेलं. कारणाच्या रकान्यात खाली खाली ताप, ताप, ताप. शेवटी शेवटी तर नुसत्या रेघा, वरीलप्रमाणे. अक्षरही एका जागी बदललंय, आधीचा लिहिणारा थांबला आणि दुसऱ्याने वही हातात घेतली. आधीचा आजारी पडला की गेला ते वहीत नाही.

ही मानमोडीची साथ. इन्फ्लूएंझा, जगभर स्पॅनिश फ्लू म्हणतात तोच. मुंबईत जूनमध्ये पहिली लाट आली ती त्यामानाने हलकी होती, दुसरी सप्टेंबरपासून आणि ती आपल्या इलाख्यात ऑक्टोबरमध्ये सगळ्यात वाईट. त्याच वर्षी पाऊसही दगा देऊन गेलेला, धान्य महाग, लोक आधीच खंगलेले. हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसं गेली, १९११ ते १९२१ या दहा वर्षांत देशाची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी घटली, जनगणनेच्या इतिहासात असं एकदाच झालंय. शाळेत आम्हाला पहिलं महायुद्ध शिकवलं, टिळक शिकवले, मानमोडी कोणी शिकवली नाही. आणि यातली जी गोष्ट मला नंतर वाचताना कळली ती म्हणजे या साथीत लहान मुलं-म्हातारे गेलेच पण वीस ते चाळीस वयाची तरणी माणसं फार गेली, आणि आपल्याकडे पुरुषांपेक्षा बायका जास्त गेल्या. घरातल्या आजाऱ्याचं सगळं बाईने करायचं, स्वतः शेवटी जेवायचं, आजारी पडली तरी चूल तिचीच, मला यात नवल वाटत नाही.

त्या पानांवर आमचं घर आहे. दोन आठवड्यांच्या आत तीन नोंदी. पहिली पणजोबांच्या आईची, वय ५०. दुसरी एका बाईची, नावापुढे कोम आणि पणजोबांचं नाव, वय २२. तिसरी, दुसरीनंतर चार दिवसांनी, मुलगी, बापाचं नाव पणजोबांचं, वय २. हिचं नाव नाही.

गुरुजींनी दुसरी नोंद वाचली तेव्हा मला वाटलं घर दुसरं असेल, कारण आमची पणजी तर १९७० च्या दशकापर्यंत होती, माझ्या आईने तिची सेवा केलेली आहे. मग गुरुजींनी मागची दोन पानं आणि पणजोबांच्या भावांची नावं जुळवून दाखवली. पणजोबांची ही पहिली बायको. आम्ही जिला पणजी म्हणतो ती दुसरी, साथीनंतर करून आणलेली. म्हणजे आमचा सगळा गोतावळा, आजोबा, काका, वडील, आत्या, मी, माझी मुलं, हे सगळं त्या ऑक्टोबरनंतरचं आहे. घरात हे कोणालाही माहीत नव्हतं. वंशावळीत तिला जागा नाही कारण तिचा मुलगा नाही, सातबाऱ्यावर नाही, फोटो असायचा प्रश्नच नाही. एका ओळीची नोंद आहे आणि ती पाटलाच्या वहीत, कारण तिथे मरणारा प्रत्येकजण लिहायचा होता.

घरी येऊन आत्याला फोन केला. आत्या आमच्या पिढीवरची सगळ्यात मोठी, ऐंशी पार, डोकं एकदम साफ. तिला म्हटलं आत्या, तुझ्या आजोबांची दोन लग्नं झाली होती हे तुला माहितीये का. ती थोडा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "अगं, म्हणून नवमीची सवाष्ण."

आमच्याकडे पितृपक्षात अविधवा नवमीला एक सवाष्ण जेवायला घालतात. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईचं ते श्राद्ध, हे सगळ्यांना माहीत असतं. आमच्या घरात कोण सवाष्ण गेली होती हे कोणी विचारलंच नाही, आजीला तिच्या सासूने सांगितलं म्हणून आजी करायची, आजीने सांगितलं म्हणून आई करते. पुरणाचा स्वयंपाक, हिरवी बांगडी, खणा-नारळाची ओटी. आत्याला आठवत होतं की तिची आजी, म्हणजे आमची पणजी, त्या दिवशी स्वयंपाकघरात कोणाला येऊ द्यायची नाही, सगळं एकटी करायची आणि ताटात आधी थोडासा गूळ आणि शेंगदाणे वेगळे ठेवायची, लहान मुलाला देतात तसे. आत्या म्हणाली आम्हाला वाटायचं नैवेद्याची पद्धत असेल. दोन वर्षांची पोर गेली होती हे पणजीला माहीत होतं. तिने सवतीचं नाव कधी घेतलं नाही पण पन्नासेक वर्षं तिचं आणि तिच्या लेकीचं ताट वाढलं आणि पुढे सुनेला लावून दिलं. कागदावरच्या वंशावळीत ज्या बाईला कोणी लिहिलं नाही तिची आठवण दुसऱ्या बाईने स्वयंपाकात ठेवली. हे मी आत्याला फोनवर बोलले तेव्हा दोघीही रडलो, ते लिहायला मला काही संकोच नाही.

मग मी गंगेवर गेले. बाहेरच्यांसाठी सांगते, नाशिकमध्ये गोदावरीला गंगाच म्हणतात आणि गंगेवर म्हणजे रामकुंडाचा परिसर. तिथल्या तीर्थोपाध्यांकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या वह्या असतात, चोपडे किंवा नामावळ्या म्हणतात. दशक्रियेला, अस्थी विसर्जनाला, सिंहस्थाला कोण आलं, कुठल्या गावचं, कुळ कोणतं, सोबत कोण, बाप-आजा-भाऊ-मुलं कोण, हे यजमानाकडून विचारून लिहून घेतात आणि शक्यतो त्याची सही घेतात. प्रत्येकाकडे सगळी गावं नसतात, वाटून घेतलेली असतात, त्यामुळे जाऊन आधी गाव, तालुका, आडनाव, जात सांगायचं, ते तुम्हाला बरोबर उपाध्यांकडे पाठवतात. आमचे निघाले ते माझ्या वडिलांच्या वयाचे, गादीवर बसूनच त्यांनी वहीचं गाठोडं सोडलं.

इथे तारखा शकात. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतं, चैत्रापासून नवीन वर्ष असल्यामुळे पौष-माघ-फाल्गुनात ७९ मिळवायला लागू शकतात. जमिनीच्या कागदात फसली सन भेटतं, त्यात आपल्या दख्खनकडे ५९० मिळवतात. शके १८४० म्हणजे १९१८. आणि शके १८४० च्या कार्तिकात पणजोबा रामकुंडावर आले होते. नोंदीत गाव आहे, वडिलांचं नाव आहे, भावांची नावं आहेत, आणि लिहिलंय की आई अमुकबाई आणि भार्या तमुकबाई यांच्या अस्थी घेऊन आले. वहीतलं नाव आणि इथलं नाव एकच. खाली मोडीत पणजोबांची सही. त्यांच्या हातचं घरात काहीही नाहीये, जमिनीच्या कागदावर अंगठे आहेत ते त्यांच्या वडिलांचे, आणि इथे पंचविशीतल्या माणसाने, आई आणि बायको एकाच महिन्यात गेलेल्या माणसाने, स्वतः सही केलीये. उपाध्ये म्हणाले बघा हात लावून, तुमचेच आहेत. (नावं इथे मुद्दाम लिहीत नाहीये, घरात तसं ठरलंय.)

मुलीचा उल्लेख तिथे नाही. असणारही नाही, कारण एवढ्या लहान मुलांना दहन करत नाहीत, पुरतात, त्यामुळे अस्थी नाहीत आणि गंगेवरची नोंद नाही. म्हणून म्हणते की दोन्ही वह्या बघा. तीर्थोपाध्यांच्या वहीत यजमान जे सांगतो ते येतं, नातं जुळतं, कुळ कळतं, पण कोवळी पोरं तिथे सापडत नाहीत. ती फक्त कोतवाल बुकात. आमच्या घरातली, पणजोबांच्या भावांची धरून, अशी कितीतरी बाळं मला पुढच्या पानांवर भेटली, मुलगा वय ६ महिने, मुलगी वय ८ दिवस, मुलगी वय १ वर्ष. नाव एकालाही नाही.

आजोबांचा जन्म मात्र गावच्या वहीत काही केल्या मिळत नव्हता. शाळेच्या जनरल रजिस्टरला जन्मतारीख १ जून १९२१, पण ती शाळेतल्या मास्तरांनी लिहिलेली. आपल्याकडे त्या पिढीतल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जूनला असतो, शाळेत नाव घालताना मुलाकडे बघून वर्ष धरायचं आणि १ जून टाकायचा, त्यामुळे १ जून दिसली की ती खरी तारीख नाही असंच धरून चाला. मी १९१९ पासून १९२५ पर्यंत सगळं बघितलं, पणजोबांच्या नावावर धाकटी मुलं आहेत, पहिला मुलगा नाही. सगळे म्हणाले पान फाटलं असेल, वाळवी लागली असेल.

उत्तर परत आत्याकडे होतं. तिला मी अशीच कुरकुर सांगत होते तर ती म्हणाली अगं पहिलं बाळंतपण आहे ना ते, माहेरी होणार, तू दिंडोरीला जा. पणजीचं माहेर दिंडोरी तालुक्यातलं हे तिला माहीत होतं कारण लहानपणी ती आजीबरोबर तिथे बैलगाडीतून गेली होती. जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथे होते, घर कुठलं आहे याचा संबंध नाही. आजही तसंच आहे, हॉस्पिटल ज्या हद्दीत तिथे नोंद. आणि पहिलं बाळंतपण माहेरी ही रीत जवळपास सगळीकडे, म्हणजे घरातल्या सगळ्यात थोरल्या मुलाची, ज्याचं नाव वंशावळीत सगळ्यात आधी येतं त्याचीच, नोंद त्याच्या आईच्या गावात असणार. दिंडोरीत अर्ज केला, मिळाली. फेब्रुवारी १९२३, मुलगा, बापाचं नाव, आणि पुढे आमच्या गावाचं नाव, तालुका निफाड. शाळेत घालताना वय वाढवून लावलेलं, आजोबा खऱ्या वयाच्या पावणेदोन वर्षं आधीच रिटायर झाले. त्यांना हे ऐकायला मजा आली असती.

दाखल्यासाठी हिंडणाऱ्या लोकांना मी हेच सांगते. गावात नोंद मिळत नसेल तर पणजीचं, खापरपणजीचं माहेर शोधा. वंशावळ बापाकडून वर जाते पण तिचे पुरावे आईच्या गावात पडलेले असतात. आणि हे माहेर कुठल्याही कागदावर नसतं, ते घरातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारूनच कळतं, आणि विचारताना "आजीचं माहेर कुठलं" असं सरळ विचारलं तर पटकन आठवत नाही, "लहानपणी दिवाळीला कुठे जायचात, मामाचे मामा कुठून यायचे, मुराळी, म्हणजे माहेरी न्यायला कोण यायचा" असं विचारलं की येतं. पुरुषांना विचारून माझा फार उपयोग झाला नाही, गट नंबर सोडून.

जमिनीचे कागदही बघा, पण बायकांसाठी त्यात वेगळ्या ठिकाणी बघावं लागतं. सातबाऱ्यावर नाही, फेरफारात, ज्याला जुने लोक ड-पत्रक म्हणतात. अमुक मयत तारीख तमुक, वारस खालीलप्रमाणे, अशी नोंद असते, त्यात मृत्यूची तारीख फुकटात मिळते. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याआधी मुलींची नावं वारसात सहसा येत नाहीत, त्यानंतरच्या फेरफारात येतात, आणि गंमत नाही, खेद वाटतो लिहिताना, की त्या लगेच पुढच्या फेरफारात हक्कसोड करून निघूनही जातात. पण त्या हक्कसोडीत मुलीचं नाव, नवऱ्याचं नाव, सासरचं गाव असतं. आजोबांच्या दोन बहिणी, ज्यांच्याशी आमचा संबंध पार तुटला होता, त्या मला हक्कसोडीच्या कागदावर सापडल्या. एकीचं घर येवल्याला आहे, तिच्या नातवाशी बोलणं झालं, त्यांच्याकडे आमच्या पणजीचा फोटो निघाला, आमच्याकडे नव्हता.

थोडं जागांबद्दल, कारण लोक चुकीच्या ऑफिसात चकरा मारतात. नाशिक जिल्हा १८६९ ला झाला, त्याआधी काही भाग नगरकडे, काही खानदेशाकडे, त्यामुळे त्याच्या मागचं दप्तर शोधायचं तर तिकडे. देवळा आणि त्र्यंबकेश्वर हे तालुके अलीकडे झाले, जुन्या वह्या मूळ तालुक्याला विचारा. शहरातला जन्म असेल तर नाशिक नगरपालिका १८६४ ची, पण नाशिकरोड-देवळाली आणि सातपूरच्या नगरपालिका वेगळ्या होत्या, १९८२ ला महानगरपालिका झाली तेव्हा एकत्र आल्या. देवळाली कॅम्प म्हणजे छावणी, तिचं रजिस्टर वेगळंच. माझ्या वडिलांचा जन्म नाशिकरोडचा, तो त्या विभागातच मिळाला. आणि जुने सातबारे, फेरफार बऱ्याच तालुक्यांचे स्कॅन होऊन 'आपले अभिलेख' नावाच्या पोर्टलवर आलेत, आधी तिथे बघा, नंतर रेकॉर्ड रूम.

आता मी वंशावळ नवीन केलीये. मोठ्या चार्ट पेपरवर, प्रत्येक बाईचं माहेरचं गाव तिच्या नावाखाली. पणजोबांच्या दोन्ही बायका शेजारी शेजारी. बिननावाच्या बाळांना चौकोन दिलाय आणि आत जन्म किंवा मृत्यूची तारीख. ग्रुपवर फोटो टाकला तेव्हा एका काकांनी विचारलं की मेलेल्या पोरांना कशाला लिहायचं, अपशकुन वाटतो. आईने त्यांना उत्तर दिलं, माझ्या आधी, की भाऊजी, ती तुमच्या आजोबांची पोरं आहेत. त्यावर कोणी काही बोललं नाही, आणि दोन दिवसांनी त्याच काकांनी त्यांच्या आईच्या माहेरची चार नावं पाठवली, ती मला माहीत नव्हती. या वर्षी नवमीला आईने संकल्पात पहिल्या पणजीचं नाव घेतलं.

पहिल्या पणजीचं माहेर अजून लागलेलं नाही. मृत्यूच्या नोंदीत ते नसतं. आत्याला एवढंच पुसट आठवतंय की पणजोबा चांदवडच्या यात्रेला जायचे तेव्हा तिकडच्या एका घरी उतरायचे आणि ते कोण लागायचे ते सांगायचे नाहीत. १९१८ ला वय २२ म्हणजे जन्म १८९६ च्या आसपास धरायला हवा, वय अंदाजे असतं म्हणून दोन-तीन वर्षं मागेपुढे. कोतवाल बुकात ती नुसती मुलगी म्हणून असणार, म्हणजे आधी तिच्या वडिलांचं नाव कळायला पाहिजे, त्यासाठी रामकुंडावर चांदवड तालुका ज्यांच्याकडे आहे त्या उपाध्यांची वही बघायची ठरवलीये, लेक मानमोडीत गेली तर बाप किंवा भाऊ कधीतरी तिच्या नावाने येऊन गेला असेल. चांदवडकडच्या गावांच्या १८९० ते १९०० च्या वह्या शिल्लक आहेत का आणि कुठे आहेत, कोणी बघितल्या असतील तर मला नक्की कळवा.